कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा

निकालाच्या दुसऱ्या दिवशी, कसबा बावड्याच्या कोर्टात हजेरीच्या आधीच ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे होते. खांद्यावर टॉवेल, हातात निकालाची घडी.

"मॅडम, कोर्ट उठस्तोवर बसवलं आन् सोडलं. माझं पोरगं तेवढ्याचंच व्हतं काय?"

त्या खटल्यात मी सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे सरकारची वकील होते. पोरगा दुसरी पाळी करून गोकुळ शिरगावहून घरी निघालेला. उसाची ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. जुन्या दंड संहितेचं कलम ३०४ अ, निष्काळजीपणानं मृत्यू, जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षं. दोष सिद्ध झाला, पण पहिलाच गुन्हा, पदरात लहान मुलं आणि लांबलेला खटला बघून न्यायालयानं कोर्ट उठेपर्यंत साधी कैद आणि दहा हजार दंड दिला. मी निदान सहा महिने मागितले होते. त्या रात्री मलाही झोप नव्हती.

"मी अपील करतो. रान इकतो, पर करतो."

तुम्हाला ते करता येत नाही, हे सांगताना जीभ जड झाली. २००९ च्या अखेरीस कायद्यानं पीडिताला अपिलाचा हक्क दिला तो तीनच कारणांसाठी: आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला, किंवा भरपाई अपुरी दिली. शिक्षा कमी पडली हे त्यात नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली तसं स्पष्टच सांगितलं. पुनरीक्षणाचा, म्हणजे वरच्या न्यायालयानं निकाल तपासून बघावा असा अर्ज करता येतो, पण तिथं मागणं हक्काचं नसतं, न्यायालयाच्या विवेकावर असतं.

शिक्षा कमी पडली म्हणून करायचं अपील फक्त सरकारचं. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३७७, आता नागरिक सुरक्षा संहितेत ४१८. दंडाधिकाऱ्यांनी दिलेली शिक्षा असेल तर सत्र न्यायालयात, ३० दिवसांत. मी अभिप्राय लिहायचा. अपील करायचं की नाही ते शासन ठरवणार.

ते ऐकत होते. मग मला ती दुसरी गोष्ट सांगावी लागली, जी बहुतेक जण सांगत नाहीत. शिक्षा वाढवायचं अपील आलं की आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते, आणि तेव्हा तो उलट निर्दोष सोडा असंही मागू शकतो. आपण वाढीव शिक्षा मागायला जायचं आणि दोषही पुसला जायचा, असं होऊ शकतं. मला हा नियम योग्यच वाटतो. सरकारच्या ताकदीपुढं एकटा माणूस उभा असतो, त्याला तेवढं कवच हवंच. पण समोर पोराचा बाप बसलेला असताना ते योग्यपण उच्चारणं फार कठीण.

"म्हंजे त्यो सुटंल बी?"

"सुटू शकतो, काका."

ते बराच वेळ निकालाच्या घडीवर बोट फिरवत राहिले. मी त्यांना पंजाबच्या एका प्रकरणाचं सांगितलं. तिथं उच्च न्यायालयानं अपघाताच्याच गुन्ह्यात वर्षाची शिक्षा भोगलेल्या २४ दिवसांवर आणली होती. राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१५ साली ती सहा महिने झाली. म्हणजे दार अगदीच बंद नाही. पण तिथंही राज्याला विशेष परवानगीच मागावी लागली होती.

"तुमचं मन काय म्हणतं? लिहू अभिप्राय?"

"माझं इचारताय व्हय?" ते म्हणाले. "सरकार मला इचारणार हाय काय?"

कायद्यानं त्यांची संमती लागत नाही. तरी मी म्हटलं, मी विचारतेय.

"मग ल्हिवा. सुटला तर सुटला. पर कुणीतरी म्हणाया पायजे की हे कमी हाय."

संध्याकाळी कोर्ट उठल्यावर मी अडीच पानं लिहिली. ट्रॉलीचा पंचनामा, दिवा नसल्याची साक्ष, मुलाचं वय, सगळं पुन्हा मांडलं. वर लाल शाईनं तिसाव्या दिवसाची तारीख घातली. निकालाच्या नकलेचा अर्ज मी सकाळीच दिला होता. ते अजून पायरीवर बसून होते, शेवटची एसटी चुकवून.