गड्डा उरकला की उजनी: सोलापूरहून एका दिवसाची पक्षीफेरी

उजनीला फाटक नाही, तिकिटाची खिडकी नाही, सफारीची जीप नाही. राष्ट्रीय उद्यान तर नाहीच, अभयारण्यही नाही. नाशिकजवळचं नांदूर मधमेश्वर 2020 साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं, उजनीवर तसलाही शिक्का नाही. हे शेतीच्या पाण्यासाठी भीमेवर बांधलेलं धरण आहे आणि पक्षी इथे आपल्या सोयीने येतात. त्यामुळे ‘सीझन कधी सुरू होतो’ या प्रश्नाला तारखेचं उत्तर नसतं. ते पाण्याच्या पातळीत असतं, आणि ती पातळी सोलापूरकराला रोज पेपरात वाचायला मिळते.

उजनीचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला 63 च्या वर मृत साठा आणि साधारण 53 उपयुक्त. धरण शंभर टक्के असतं तेव्हा पाणी थेट उसाच्या बांधाला आणि बाभळींच्या बुंध्याला टेकलेलं असतं. काठाला उथळ जागाच उरत नाही. रोहित, म्हणजे आपला फ्लेमिंगो, पाय बुडतील एवढ्याच पाण्यात उभा राहतो, पायांनी गाळ ढवळतो आणि चोच उलटी धरून त्यातलं शेवाळ, किडे, बारीक जीव गाळून खातो. खोल पाणी त्याच्या कामाचं नाही. कालव्यातून शेतीसाठी पाण्याची आवर्तनं सुटायला लागली आणि पाणी उतरलं की गाळपेरीच्या जमिनी आणि चिखलाचे पट्टे उघडे पडतात, आणि मग रोहितांचे थवे उतरतात. म्हणून चांगल्या पावसाच्या वर्षी डिसेंबरात गेलेले लोक निराश होऊन परततात आणि होडीवाल्याला दोष देतात. उलट 2023 च्या पावसाळ्यात धरण भरलंच नाही आणि 2024 च्या जानेवारीतच उजनी मायनसमध्ये, म्हणजे मृत साठ्याच्याही खाली, गेली. अशा वर्षी सगळं वेळापत्रक महिना-दीड महिना अलीकडे ओढायचं.

पण नुसता रोहित बघायचा असेल तर एप्रिलही चालतो. पट्टकदंब, चक्रवाक, थापट्या, तलवार बदक हे उत्तरेचे पाहुणे मार्चमध्ये परतीला लागतात. दोन्ही एकाच फेरीत हवे असतील तर सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उरकली की पुढचे चार-पाच आठवडे धरावेत. त्यातही फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा सगळ्यात भरवशाचा. रविवार टाळा. त्या दिवशी पुण्याच्या गाड्यांची रांग लागते आणि आठ वाजेपर्यंत थवा आत खोल निघून गेलेला असतो.

जायचं कुठे? धरणाची भिंत भीमानगरला, माढा तालुक्यात आहे. पण भिंतीपाशी पाणी खोल, तिथे पक्ष्यांसाठी थांबण्यात अर्थ नाही. उथळ पाणी वरच्या अंगाला, भिगवण पट्ट्यात मिळतं. इंदापूर तालुक्यातली कुंभारगाव आणि डिकसळ ही नेहमीची ठिकाणं. समोरच्या काठावर, आपल्याच जिल्ह्यात, करमाळ्याचं केत्तूर आणि वाशिंबे. टेंभुर्णीहून जेऊरमार्गे तिकडे जाता येतं. गर्दी जवळजवळ नाही, पण होडीची सोय आधी कुणाशी बोलून ठेवावी लागते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी कुंभारगावच गाठावं.

भिगवण सोलापूरपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. फेब्रुवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि त्याआधी होडीत बसलेलं बरं, त्यामुळे पावणेचारला गाडी निघालीच पाहिजे. ‘चारला भेटू’ म्हणणारा गट सव्वापाचला मोहोळ ओलांडतो, हे धरून चाला. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी असे तीन टोलनाके लागतात, फास्टॅग आदल्या रात्री तपासा. टेंभुर्णीत सव्वापाचला चहा, पावणेसहाला इंदापूर, साडेसहाला काठावर. सोलापूरहून जाताना जलाशय उजव्या हाताला राहतो, हे लक्षात असलं की फाटे चुकत नाहीत. जाऊन-येऊन आतली फिराफिर धरता सव्वातीनशे किलोमीटर होतात. पंधराचं अॅव्हरेज देणाऱ्या गाडीला बावीस लिटर लागतं.

या रस्त्यावरचा खरा धोका वेगाचा नाही, उसाचा आहे. गाळप हंगाम आणि पक्ष्यांचा हंगाम एकच. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर अंधारात डाव्या लेनमधून वीसच्या वेगाने चाललेला असतो, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, आणि लोंबणाऱ्या वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्यांनी, नंबरप्लेटही झाकलेली. टेंभुर्णी ते इंदापूर पट्ट्यात ऐंशीच्या वर जाऊ नका. पाण्याजवळ धुकं असेल तर पन्नासही जास्त.

आदल्या दिवशी होडीवाल्याला फोन करून तीन गोष्टी विचारायच्या. थवा आज कुठे होता, होडीने तिथवर किती वेळ लागतो, आणि होडी काठाला लागते की चिखलातून चालत जावं लागतं. तिसरा प्रश्न सगळे विसरतात. पाणी मागे सरकतं तसा होडीचा धक्काही सरकतो, त्यामुळे मोबाइलच्या नकाशावरची खूण गेल्या वर्षीची असू शकते. पैशांचं बोलणं काठावर नको, फोनवरच करा: होडीमागे की माणशी, आणि किती तास. दोन तासांपेक्षा कमीची फेरी घेऊ नका. अर्धा वेळ जाण्या-येण्यातच जातो.

लाइफ जॅकेट नसेल तर होडीत बसू नका, मग होडीवाला कितीही ओळखीचा असो. 21 मे 2024 ला कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. हिवाळ्यात असं वादळ सहसा नसतं, पण दहानंतर वारा सुटतो आणि एवढ्या मोकळ्या पाण्यावर लाटा चटकन उठतात. साडेनऊपर्यंत काठाला लागायचं हे निघतानाच ठरवून टाका. फोटो काढायला एका बाजूला चौघांनी उभं राहायचं नाही, आणि जाळ्यांच्या थर्माकोलच्या तरंगत्या खुणांवरून इंजिन न्यायला सांगायचं नाही. जाळं पंख्यात गुंतलं की अर्धा तास गेला, शिवाय कुणाचं तरी पोट त्या जाळ्यावर असतं.

थव्याजवळ जाण्याची खूण सोपी आहे. माना खाली, चोची पाण्यात, म्हणजे तो निवांत. दहा-बारा माना एकदम वर आल्या की थांबा. सगळे एकाच दिशेला चालायला लागले की तुम्ही आधीच फार जवळ गेला आहात. इंजिन लांबूनच बंद करायला सांगा, पुढे वल्ह्याने किंवा बांबूने. उडते फोटो मिळावेत म्हणून होडी थव्यात घालणारे असतात. तसं करू नका, कारण एवढ्या जड पक्ष्याला उडण्यासाठी पाण्यावर लांबवर धावावं लागतं आणि त्यात खाण्याची सकाळ वाया जाते. राखाडी, मळकट दिसणारे रोहित आजारी नसतात, ती पिल्लं असतात. गुलाबी रंग खाण्यातून पुढे चढतो. कुरवांना शेव-फरसाण टाकायचा खेळही नको.

रोहितांपलीकडे बघायला खूप आहे, पण नजर त्यांच्यावरच खिळते. चिखलाच्या कडेला शेकाट्ये, चमचे, शराटी. पाण्यावर वारकऱ्यांचे काळे जथे आणि हळदी-कुंकू बदकं. बुडालेल्या झाडाच्या शेंड्यावर एखादा मत्स्यगरुड. पट्टकदंब बहुधा ओल्या गवताच्या पट्ट्यावर चरताना सापडतात, पाण्यात शोधू नका.

दुर्बीण 8×42 ची. हलत्या होडीत जास्त वाढवणारी दुर्बीण नुसती थरथरते. लेन्स 400 मिलिमीटरच्या पुढची. तिपाई होडीत निरुपयोगी, त्याऐवजी कापडी पिशवीत दीड किलो ज्वारी भरून होडीच्या काठावर ठेवा आणि लेन्स तिच्यावर टेकवा. ऊन पाठीशी राहील अशी होडी वळवून घ्या, पहिल्या तासात एवढंच जमलं तरी निम्मं काम झालं. थंडीला जॅकेटपेक्षा मांड्यांवर टाकलेली सोलापुरी चादर जास्त कामाला येते.

काठावर दोन गोष्टींपासून जपा. वाळून भेगा पडलेला गाळ वरून टणक दिसतो, पण पापुद्र्याखाली गुडघाभर राड असते, मुलांना एकटं सोडू नका. आणि शेतकऱ्यांनी पाण्यामागोमाग नेलेल्या मोटारींच्या केबली ओलांडताना पाय उचलूनच टाका. पुणे-पिंपरीचं सांडपाणी याच पाण्यात येतं, तेव्हा नाष्ट्याआधी हात घरच्या पाण्याने धुवा.

दहाला नाष्टा, जेवायला हायवेवर चिलापी (तिलापिया मासा). तळलेली मागवा, रस्सा सगळीकडे सारखाच लागतो. दुपारी पक्षी बघण्यात राम नाही. वेळ काढायचा तर भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाकांची वसाहत आहे, आणि पाणी फार उतरलेलं असेल तर पळसदेवला धरणात गेलेलं पळसनाथाचं हेमाडपंती मंदिर वर आलेलं असतं. तिथेही होडी लागेल की पायी जाता येईल, ते पाणीच ठरवतं. संध्याकाळची फेरी मोहात पाडते, पण मग परतीचा सगळा रस्ता पुन्हा ट्रॉल्यांच्या मागून अंधारात. गाडी चालवणारा पहाटे तीनला उठलेला असतो, म्हणून दोनला निघा, साडेपाचच्या आत घरी पोचता.