किट घ्यावं की नुसता नमुना

सासूबाईंच्या हातचा मॅटीचा टेबलक्लॉथ आमच्या घरी अजून वापरात आहे. त्यावरच्या फुल्या बघूनच मी क्रॉस स्टिचकडे वळले. त्यांच्या वेळी नमुना मैत्रिणीकडून चौकटीच्या वहीत उतरवून घ्यायचा, दोरा अँकर कंपनीचा आणि कापड मॅटीचं, एवढाच मामला होता. मला मात्र पहिल्याच दिवशी प्रश्न पडला, सगळं सामान एका पाकिटात येणारं किट मागवावं, की नमुना वेगळा विकत घेऊन कापड-दोरे आपले आपण जमवावेत? दोन वर्षांत दोन्ही करून पाहिलं.

पहिलं किट ऑनलाइन मागवलं, कमळाच्या तळ्याचं. ऐडा कापडाचा तुकडा, पुठ्ठ्याच्या भोकांत अडकवलेले दोरे, बोथट टोकाची सुई आणि नमुन्याचा कागद. कापड १४ काउंटचं, म्हणजे इंचाला १४ घरं. नवख्या हाताला याहून सोयीचं काही नाही. रंग शोधायचे नाहीत, कापड मोजायचं नाही, पाकीट फोडलं की त्याच दुपारी कामाला बसता येतं. दीड महिना रोज जेवणं आटोपली की तासभर बसायचे. खालच्या कोपऱ्यातलं पाणी तेवढं राहिलं होतं, साधारण दोनशे फुल्या, आणि गडद हिरवा दोरा संपला.

विकणाऱ्याला तीनदा लिहिलं, उत्तर नाही. शेवटी उरलेलं बोटभर टोक घेऊन आमच्या सोलापूरच्या नवी पेठेत गेले. दुकानदारांनी विचारलं, "ताई, नंबर काय याचा?" नंबर कुठेच नव्हता. कागदावर नुसत्या खुणा होत्या, हिरव्याला त्रिकोण, गुलाबीला टिंब. ना कंपनीचं नाव, ना छटेचा नंबर. त्या भल्या माणसाने हिरव्या लड्यांचा अख्खा खोका समोर ठेवला. ट्यूबलाइटखाली जुळलेली लडी बाहेर पायरीवर उन्हात धरली तर निळसर दिसायची. अशा पाच लड्या पायरीवर नेऊन पाहिल्या. त्यातल्या त्यात जवळची घेतली, पण तो कोपरा मला आजही वेगळा दिसतो. आल्यागेल्याच्या लक्षात येत नाही, माझी नजर मात्र आधी तिथेच जाते.

तेव्हापासून किटच्या चित्राआधी मी रंगांची यादी बघते. कंपनी आणि नंबर छापलेला असेल तर दोरा कमी पडला तरी फिकीर नाही. डीएमसी कंपनीचा ३१० म्हणजे काळा, तो कुठूनही आणा, काळाच. नंबर नसेल तर चित्र कितीही आवडू दे, मी घेत नाही. आणखी एक, स्वस्त किटांमधली बरीच चित्रं चित्रकाराला न विचारता उचललेली असतात. ज्याने घर न् घर बसवलं त्याला काहीच मिळत नाही, हे मला पटत नाही.

दुसऱ्या खेपेला मोर करायचा ठरवला आणि नमुना वेगळा घेतला. आधी फोटोवरून बनवलेला ९० रंगांचा एक नमुना घ्यायच्या बेतात होते. शेजारच्या मामांना मोबाइलवर दाखवला. मामांचा जन्म शहराच्या पूर्वभागात चादरीवरच्या जॅकार्ड नक्षीचे ग्राफ काढण्यात गेला. चष्मा वर करून म्हणाले, "अगं, हे बघ की. इथे एक ठिपका, तिथे एक ठिपका. हे हाताने मांडलेलं नाही, मशीनने फोटो फोडलाय. दोन टाके घालशील आणि दोरा बदलशील. सलग रंग असलेला घे." मग १४० बाय ११२ घरांचा, ३१ रंगांचा नमुना घेतला. घरातल्या खुणा नीट वाचता येतात ना, हे पैसे भरायच्या आधी बघून घेतलं.

कापड मॅटीचंच घ्यावं अशी फार इच्छा होती. मामांनी पट्टी लावून मोजायला लावलं. इंचाला आडवी ११ घरं भरली, उभी १०. टेबलक्लॉथच्या वेलबुट्टीला एवढ्याने बिघडत नाही, पण मोर उंचीला ताणला गेला असता. म्हणून १४ काउंटचं ऐडा मागवलं. हिशेब सोपा आहे. १४० भागिले १४ म्हणजे १० इंच, ११२ भागिले १४ म्हणजे ८. फ्रेमसाठी चारी बाजूंना तीन-तीन इंच सोडले, कापड झालं १६ बाय १४ इंच.

दोऱ्यांनी सगळ्यात दमवलं. नमुन्यावर नंबर डीएमसीचे आणि दुकानात दोरा अँकरचा. दोन्हींचे नंबर जुळवणारे तक्ते मिळतात, डीएमसी ३१० ला अँकरचा ४०३, असे. पण ते अंदाजे असतात. माझ्या मोराच्या मानेतल्या तीनपैकी दोन निळ्यांना तक्त्यात एकच नंबर निघाला. तसाच घेतला असता तर मानेचा गोलावाच गेला असता. पुन्हा तीच पायरी, तेच ऊन, आणि तिन्ही निळ्या शेजारी शेजारी धरून मधली छटा डोळ्यांनी निवडली. मागच्या आभाळाच्या ५,४०० फुल्या होत्या. दोन पदर घेऊन ८ मीटरच्या एका लडीत माझ्या हाताने १,७०० च्या आसपास फुल्या होतात, म्हणजे चार लड्या. त्या एकदमच घेतल्या, कारण तोच नंबर पुढच्या घाण्यातला आला तर रंगात किंचित फरक पडतो आणि सलग आभाळात तो पट्टा उठून दिसतो.

एकूण ३६ लड्या झाल्या. नमुना, कापड, सुया धरून खर्च कमळाच्या किटच्या अडीचपट आला. डोळ्यातल्या २२ फुल्यांसाठीसुद्धा अख्खी लडी घ्यावी लागते, तिथे किट नक्कीच स्वस्त पडतं. पण लडीवरचा नंबर लिहून सगळे उरलेले दोरे डब्यात ठेवले, आणि पुढच्या नमुन्याचे १९ रंग त्या डब्यातच निघाले.

मामांनी ग्राफ वाचायलाही शिकवलं. दर दहा घरांवर रेघ, आणि "बोट हलवायचं नाही, पट्टी हलवायची." कापडावरही मी दहा-दहा घरांच्या धावदोऱ्याच्या ओळी घालून घेतल्या. अख्ख्या मोरात उसवावं लागलं ते दोनदाच.

भाचीला शिकायचंय, तिच्यासाठी मात्र किटच मागवलं. सहा रंग, नंबर छापलेले. तिचा हात बसेपर्यंत तिला दुकानाच्या पायऱ्या चढायला लावणार नाही.

माझ्यापुढे आता आमच्या गड्ड्याच्या यात्रेतले सात नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या सजवलेल्या उंच काठ्या आहेत. त्याचं किट मला कुठे मिळालं नाही, नमुनाही नाही, म्हणून मामा आणि मी ग्राफपेपर घेऊन बसलोय. काठ्या उतरल्या, बाशिंगाचे रंग ठरले. खालच्या माणसांच्या पांढऱ्या बाराबंदीला कापडाचा पांढरा तसाच सोडावा असं मामा म्हणतात. मला वाटतं, पांढऱ्यावर पांढऱ्याच फुल्या घालाव्यात. काल एक बाही घालून त्यांना उन्हात दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "दुसरीपण घाल, मग सांगतो."