नोंद २३ : चौथा ग्राउंड रन आणि एक तुटलेली वायर

रविवारी मिरज एमआयडीसीतल्या शेडपुढे आमच्या विमानाचा चौथा ग्राउंड रन झाला, म्हणजे विमान जमिनीवरच बांधून इंजिन चालवून बघणं. खरं तर अर्धाच झाला.

१८३५ सीसीचं फोक्सवॅगन इंजिन, ५४ इंची लाकडी पंखा, शेपूट खांबाला साखळीनं बांधलेलं. २८०० आरपीएमपर्यंत नेलं, थरथर बरीच कमी झालीय. ट्रॅकिंगवर, म्हणजे पंख्याची पाती एकाच पातळीत फिरवण्यावर, घालवलेले दोन शनिवार वसूल. मग आयडलवर आणून स्विच ऑफ केला.

इंजिन चालूच!

पेट्रोलचा कॉक बंद केला. कार्ब्युरेटरमधलं संपेपर्यंत मी कॉकपिटात, मामा फायर एक्स्टिंग्विशर धरून बाजूला, दोघंही गप्प. पंखा थांबला तसे मामा सरळ त्याच्याकडं निघाले. "बंद झालंय न्हवं आता?" मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या शेडमधली माणसं बाहेर आली.

इंजिनात ठिणगी पाडतो तो मॅग्नेटो. तो स्वतःच वीज तयार करतो, त्याला बॅटरी लागत नाही. स्विच ऑफ करणं म्हणजे त्याची वायर बॉडीला अर्थ करणं. वायर तुटली की मॅग्नेटो कायम जिवंत. त्यात इंपल्स कपलिंग (मॅग्नेटोला स्प्रिंगनं झटका देणारा जोड) असेल तर पंखा हातानं हळू फिरवला तरी टक् करून ठिणगी पडते, आणि सिलिंडरमध्ये थोडी वाफ उरलेली असली तरी पुरते. २८०० आरपीएमला पात्याचं टोक ताशी ७२५ किलोमीटरनं फिरतं, पण माणूस मरायला एवढा वेग लागतच नाही, तो एक झटका पुरतो. विमान एक इंचही न उडता जगभर माणसं अशीच गेलीत. मामांना पटलं ते फवारणीच्या पंपामुळं: "म्हंजे त्याची बटणाची वायर निसटली की पंप बंद हुईत न्हाई, तसंच की रं!" तसंच.

दोष सापडला तो लगच्या, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडाच्या आत. वरचं प्लास्टिक शाबूत, आतल्या तांब्याच्या तारा थरथरीनं एकेक करून तुटलेल्या. वायर ओढून बघितली असती तरी कळलं नसतं. तो दाबून बसवायचं काम, क्रिंप, मीच केलं होतं.

नवा लग टाकला, वायर आता इंजिन माउंटला क्लॅम्प केलीय. यापुढं प्रत्येक रन संपवताना आयडलवर क्षणभर स्विच ऑफ करून इंजिन बंद पडतंय का ते बघायचं. टॅक्सी टेस्ट (विमान न उडवता जमिनीवर पळवून बघणं) पुढं ढकलली. २० जानेवारी १९७४ ला वायएफ-१६, म्हणजे एफ-१६ लढाऊ विमानाचा पहिला नमुना, टॅक्सी टेस्टमध्येच हवेत गेलं होतं, आणि आत टेस्ट पायलट फिल ओस्ट्रिकर होते म्हणून सुखरूप उतरलं. इथं आत मी असणार.

मामांनी पात्यांच्या टोकांना ट्रॅक्टरचा उरलेला पिवळा रंग फासलाय. पंख्याचा बॅलन्स परत बघावा लागणार.