तीन हजार खुर्च्या आणि एक शिक्का : माझा अनुभव

जपानच्या बी लीगचं, म्हणजे तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं, कुणी कौतुक करायला लागलं की मला आधी जपानमधल्या आमच्या गावच्या क्रीडागृहाची ती खिडकी आठवते, आणि अजूनही राग येतो.

२०१५ साली मी तिथल्या एका छोट्या बास्केटबॉल क्लबच्या ऑफिसात होतो. काम परदेशी खेळाडूंच्या करारांचं, पण चार माणसांच्या ऑफिसात सगळ्यांनी सगळंच करायचं असतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, जपानी बास्केटबॉल संघटनेला निलंबित केलं होतं, कारण देशात वरच्या पातळीवर दोन लीग चालत होत्या आणि त्या एक होत नव्हत्या. भांडण मोठ्यांचं, पण रिओ ऑलिंपिकची पात्रता तोंडावर आलेल्या महिला संघाचाही त्यात बळी जात होता. फुटबॉलच्या जे लीगचे पहिले अध्यक्ष सबुरो कावाबुची यांनी सूत्रं हाती घेतली. सगळ्या क्लबांना एका लीगमध्ये आणून श्रेण्या पाडायचं ठरलं. पहिल्या श्रेणीसाठी ५,००० प्रेक्षकांचं क्रीडागृह, दुसऱ्या म्हणजे बी२साठी ३,०००. आमची झेप बी२पर्यंतच होती. हिशेब, खेळाडू, प्रांताच्या संघटनेची संमती, सगळं जमलं. अडलं ते क्रीडागृहापाशी.

इमारत महापालिकेची. घरचे सामने तिथेच होतील असं शिक्क्यासह पत्र आम्हाला जोडायचं होतं. खिडकीवरचे गृहस्थ अतिशय नम्र. म्हणाले, आरक्षण सोडतीने होतं, तेही फक्त तीन महिने आधी. पत्र हवं तर शिक्षण विभागाला विचारा. शिक्षण विभाग म्हणाला, लीगने तुम्हाला घेतल्याचा कागद आणा. लीग म्हणाली, जागेचं पत्र आल्याशिवाय अर्ज पुरा नाही. या तिघांमध्ये मी ११ हेलपाटे घातले. दर वेळी दारात बूट काढून त्याच हिरव्या सपाता घालायच्या आणि भिंतीवरच्या तक्त्यासमोर ताटकळत बसायचं. शनिवारी बॅडमिंटन, रविवारी आयांचा व्हॉलीबॉल. पेन्सिलीने लिहून, खोडून त्या तक्त्याचा कागद झिजला होता. शेवटी उत्तर एकच, "विचारून कळवतो." कुणी सरळ नाही म्हटलं असतं तर मी दुसरी वाट शोधली असती. अर्जाची मुदत संपत आली होती आणि आम्ही वाटच बघत होतो.

आठवलं म्हणून इथेच सांगतो : आसनसंख्या माहितीपत्रकावरून उतरवू नका. आम्ही एका रात्री स्वतः फिरून मोजली, तर वरच्या गॅलरीत ६४ खुर्च्या मोडलेल्या निघाल्या.

बाराव्या फेरीला मी खिडकीवर गेलोच नाही. तक्त्यावरची नावं उतरवून घेतली आणि रविवारी थेट व्हॉलीबॉलच्या सरावाला जाऊन उभा राहिलो. त्यांच्या प्रमुख साठीच्या एक बाई. घाम पुसत त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पिशवीतून छोटी डायरी काढली आणि तिथेच पंधरा-सोळा रविवार मोजले. "माझी नात शाळेत बास्केटबॉल खेळते," त्या म्हणाल्या. "देशावरच बंदी आहे म्हणून रडत होती." बदल्यात त्यांनी बुधवारची संध्याकाळ मागितली. तिथून आम्ही दोघं बॅडमिंटनवाल्यांकडे गेलो. दोन्ही मंडळांच्या सह्या घेऊन शिक्षण विभागात गेलो आणि सहा दिवसांत पत्र हातात आलं. शिक्क्याची लाल शाई एका कडेला फिस्कटली होती. मी त्या पत्राच्या पाच प्रती काढल्या.

हे मी पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं. जागा रोज जे वापरतात त्यांच्याकडे आधी जा, खिडकी नंतर.

ऑगस्ट २०१५ मध्ये निलंबन उठलं. बी२च्या यादीत आमचं नाव आलं. महिला संघाने वुहानला आशियाई विजेतेपद जिंकून रिओ गाठलं, त्या रात्री ऑफिसात आम्ही चौघंही रडलो. २०१६च्या शरदात १८ संघांचा बी२ सुरू झाला. घरच्या पहिल्या सामन्याला त्या बाई नातीला घेऊन आल्या होत्या, आणि त्यांच्यामागे दोन रांगा भरून अख्खा व्हॉलीबॉल संघ.