आमची वाटचाल : बैलाच्या चालीपासून

मी घरच्या कापसाचे पैसे भरून शहरातल्या एका क्लासात ॲनिमेशन शिकलो, सहा महिने नुसतं कोणतं बटण कुठं आहे तेच सांगितलं अन् गावी आल्यावर समजलं का ते सॉफ्टवेअर विकत घेणं आपल्या आवाक्यातलं नाही. 2019 मध्ये ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरचं 2.8 व्हर्जन आलं, फुकट अन् आधीपेक्षा लय सोपं, तेव्हा ठरवलं का यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दारव्ह्यात बसूनच याचे धडे बनवायचे, मराठीत. आमच्या इकडच्या पोट्ट्यांचा हात मस्त चालते, गाडी अडते ती इंग्रजी व्हिडिओपाशी.

चालीचा पहिला धडा आम्ही माणसावर केला, तो काही जमला नाही. मंग पोळ्याच्या आधी काकांची बैलजोडी मोबाईलवर स्लो मोशनमध्ये घेतली अन् एकेक फ्रेम थांबवून पाहिली. पहिले मागचा डावा पाय, मंग पुढचा डावा, मंग मागचा उजवा, मंग पुढचा उजवा. पुढचा पाय जिथून उचलला, जवळपास तिथंच मागचा पडते, ओल्या मातीतले खूर पाहा, लगेच दिसते. अन् खांदा! बैलाला माणसासारखं गळ्याजवळचं आडवं हाड नसते, खांद्याचं पातं स्नायूंच्याच आधारानं असते, म्हणून पायावर वजन आलं का ते कातडीखाली वर सरकते. एवढं दाखवलं नाही तर बैल नाही, टेबल चालते.

हा धडा पाहून एक मुलगी म्हणे, "दादा, वशिंड पण हलते ना, ते काहून नाही दाखवलं?" तिचं बरोबर होतं. पाऊल पडल्यावर दोन-तीन फ्रेम उशिरानं वशिंड डुलते, यालाच ओव्हरलॅपिंग ॲक्शन म्हणतात, डिस्नेच्या दोन जुन्या ॲनिमेटरनी 1981 मध्ये जी 12 तत्त्वं पुस्तकात मांडली त्यातलंच हे. आम्ही पूर्ण धडा पुन्हा रेकॉर्ड केला, अन् ती मुलगी आता आमच्याकडंच धडे लिहिते.

लाइनीनं मात्र फार रडवलं. 10 सेकंदांचा सीन म्हणजे 240 फ्रेम, 4 जीबीच्या कॉम्प्युटरवर रात्रभर रेंडर लावला, म्हणजे सीनची पक्की चित्रं बनवायला कॉम्प्युटर लावला, थेट व्हिडिओ फाइलमध्ये, पहाटे लाइन गेली अन् फाइल उघडेचना. तेव्हापासून पहिल्याच आठवड्यात शिकवतो का प्रत्येक फ्रेम वेगळा पीएनजी, म्हणजे चित्राची फाइल, म्हणून सेव्ह करा, 180 वर लाइन गेली तर 181 पासून चालू करा, जोडायचं काम शेवटी.

धडे पेनड्राईव्हवर देतो, नेटचा भरवसा नाही. ब्लेंडर फुकट तर तुमचे पैसे कायचे असं काही जण विचारतात, तर आम्ही आमच्या मेहनतीचे घेतो, पहिले चार धडे फुकटच देतो. शिकणाऱ्या पोरांच्या घरच्यांना समजावणं जास्त जड जाते. 2025 मध्ये ब्लेंडरमध्ये बनलेल्या लात्वियाच्या ॲनिमेशन फिल्मला ऑस्कर मिळालं तेव्हा आम्ही पेढे घेऊन तीन पोरांच्या घरी गेलो, बापाजवळ बसून मोबाईलवर ती बातमी दाखवली.

आता डवरणीचा, म्हणजे कोळपणीचा, धडा घेतला आहे. मानेवर जू असलं का बैल मान खाली घालून ओढते, वजन पुढं येते, पाऊल आखूड पडते. पाऊस उघडला का काकांच्या वावरात पुन्हा शूटिंग करायचं आहे, या वेळी कॅमेरा जमिनीवर ठेवून.