मालक बदलला की टाइमशीटचं काय होतं

अमेरिकेतल्या अकाउंटिंग फर्मा प्रायव्हेट इक्विटीकडे, म्हणजे कंपन्या विकत घेऊन पुढे नफ्यात विकणाऱ्या गुंतवणूकदारांकडे, जायला लागल्या. त्यांचं काम पुण्यात बसून करणाऱ्यांवरही त्याचा परिणाम होतो. त्यातला पहिला मोठा सौदा ऑगस्ट 2021 मधला: टॉवरब्रूक या गुंतवणूकदारानं आयझनरॅम्पर या फर्ममध्ये पैसा घातला. 2024 मध्ये न्यू माउंटन कॅपिटल हा गुंतवणूकदार अमेरिकी ग्रँट थॉर्नटनमध्ये आला. सिट्रिन कूपरमन ही फर्म तर न्यू माउंटनकडून 2025 मध्ये ब्लॅकस्टोनकडे गेलीसुद्धा. म्हणजे मालक एकदा बदलून थांबत नाही.

तिथे ऑडिट करणारी फर्म सीपीएंच्याच (अमेरिकेतले परवानाधारक अकाउंटंट) ताब्यात लागते. म्हणून फर्मचे दोन भाग करतात: ऑडिटची एलएलपी (भागीदारांची फर्म) वेगळी आणि टॅक्स, सल्ला, सॉफ्टवेअर, बहुतेक माणसं गुंतवणूकदाराच्या कंपनीत. पुण्यात खराडी किंवा बाणेरला बसून या फर्मांचं काम करणारी टीम बहुधा या दुसऱ्या बाजूला, प्रायव्हेट लिमिटेडच्या पगारावर असते. ऑफर लेटरवर नेमकं कुणाचं नाव आहे, ते आधी वाचा.

पैशाचं गणित असं. समजा, वर्षाला 1 कोटी घेणारा पार्टनर 25 लाखांवर पाणी सोडतो. ते 25 लाख कंपनीचा नफा ठरतात आणि दहापट भाव मिळाला तर त्याचे अडीच कोटी होतात, काही रोख, काही शेअर. नफ्याच्या प्रत्येक रुपयाला असा गुणक लागला की पुण्यातल्या तासांकडेही बारीक लक्ष जातं.

युटिलायझेशन, म्हणजे एकूण तासांपैकी क्लायंटच्या कामावर लावलेले तास, 80 टक्के हवं, असं सांगतात. 80 टक्के कशाचे, हे विचारून घ्या. आठवड्याचे 40 तास धरून वर्षाचे 2,080 होतात, त्यांचे 80 टक्के 1,664. पण सुट्ट्या आणि रजा मिळून 30 दिवस गेले की हाताशी उरतात 1,840. म्हणजे खरं टार्गेट 90 टक्के झालं, आणि ट्रेनिंगचे तास अजून धरलेलेच नाहीत.

यातूनच तास गिळायची सवय लागते. एका टॅक्स रिटर्नचं बजेट 6 तास, लागले साडेआठ, टाइमशीटवर 6. रिअलायझेशन, म्हणजे भरलेल्या तासांपैकी किती वसूल झाले ते, झकास दिसतं, म्हणून पुढच्या वर्षी बजेट साडेपाच. अडीच तास कुठे गेले, हे कुणालाच कळत नाही. बहुतेक वेळा ते क्लायंटचे अपुरे कागद आणि रिव्ह्यूअरच्या दोन फेऱ्या यांत गेलेले असतात. साडेआठच भरा आणि नोंदीत कारण लिहा: 'के-1 उशिरा आला, 1.4 तास' (के-1 म्हणजे पार्टनरशिपच्या नफ्यातला वाटा दाखवणारा फॉर्म). तासाचे सहा-सहा मिनिटांचे दहा भाग, म्हणून दशांशात. मॅनेजरला राइट-ऑफ करायचा, म्हणजे जादा तास बिलातून सोडून द्यायचे, असेल तर त्यानं करावा, तो निर्णय त्याचा.

आणखी एक अडचण आपल्या फर्मनं नव्यानं विकत घेतलेल्या छोट्या फर्मांची. त्यांच्या क्लायंटनी रिटर्न भारतात करायला अमेरिकी कर कायद्यातल्या कलम 7216ची (करदात्याची माहिती दुसऱ्याला द्यायची) लेखी संमती दिलेलीच नसते. ती दिसेपर्यंत फाइल उघडायची नाही, डेडलाइन कितीही जवळ असली तरी. वैयक्तिक रिटर्न असेल तर सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतला व्यक्तीचा ओळख क्रमांक) झाकलेला आहे का, हेही पाहायचं.

डेडलाइनवरून आठवलं. रिटर्न भरायची मुदत पार्टनरशिपची 15 मार्च आणि व्यक्तींची 15 एप्रिल, बहुतेक वर्षी पाडवा बरोबर यांच्या मध्ये सापडतो. त्यात मार्चच्या दुसऱ्या रविवारी न्यूयॉर्कची घड्याळं पुढे सरकतात, साडेदहा तासांचा फरक साडेनऊ होतो आणि सगळे कॉल तासभर अलीकडे येतात. रजेचा अर्ज जानेवारीतच टाकलेला बरा.