तुम्ही विचारलंत म्हणून: हेड कोच असताना हा डेव्हलपमेंट कोच आणखी कशाला?

भारतातून कुणी आमच्याकडे मेलबर्नला आलं की त्यांना एकदा तरी फुटीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, सामन्याला न्यायचं, असा घरचा रिवाजच झालाय. आणि परतीच्या ट्रेनमध्ये प्रश्न ठरलेला: “हेड कोच आहे, फॉरवर्डचा वेगळा, बचावाचा वेगळा, मिडफिल्डचा वेगळा. मग मघाशी तू म्हणालीस तो डेव्हलपमेंट कोच काय करतो?” विचारण्यात थोडा संशय असतो, सरकारी खात्यात जादा भरलेल्या माणसाबद्दल असतो तसा.

थोडक्यात सांगायचं तर बाकीच्या कोचना या शनिवारचा सामना जिंकायचा असतो. या माणसाच्या हाती दिलेली मुलं दोन-तीन वर्षांनी तसा सामना खेळण्याजोगी झाली पाहिजेत. आज टीम जिंकली तरी त्याचं काम झालेलं नसतं, आणि हरली तरी बिघडलेलं नसतं.

यावर लगेच येतं, “इतकी वाट कशाला बघायची? आयपीएलसारखे तयार खेळाडू विकत घ्या की.” इथेच तर मेख आहे. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये लिलाव नाही. १९८६ साली ड्राफ्ट आला, १९८७ ला पगारांवर मर्यादा आली. ड्राफ्टमध्ये तळाच्या क्लबला नव्या मुलांमधून आधी निवड मिळते आणि पैसेवाल्या क्लबलाही ठरावीक रकमेपलीकडे पगार देता येत नाहीत. दुसऱ्या क्लबचा खेळाडू आणता येतो, पण त्यासाठी बदल्यात काहीतरी द्यावं लागतं किंवा त्याचा करार संपायची वाट बघावी लागते. म्हणजे क्लबचं भवितव्य दर नोव्हेंबरात ड्राफ्टमधून येणाऱ्या अठरा वर्षांच्या चार-पाच पोरांवर असतं. परदेशातून मागवायचे म्हटलं तर हा खेळ व्यावसायिक पातळीवर दुसरीकडे कुठे खेळलाच जात नाही.

आता तो पोरगा बघा. काल-परवापर्यंत पर्थच्या शाळेत होता, आज मेलबर्नमध्ये एका अनोळखी कुटुंबाकडे राहतोय. गावाकडे सगळ्यात उंच तोच होता, सगळ्यात वेगवानही तोच. इथे समोर अठ्ठावीस वर्षांचा, त्याच्याहून पंधरा किलो जास्त वजनाचा गडी उभा आहे. घरची आठवण येऊन काही मुलं दोन वर्षांत परत जायला निघतात. इथल्या वर्तमानपत्रांत त्याला ‘गो-होम फॅक्टर’ म्हणतात. मनातलं हे तो कुणाला सांगणार? पुढच्या शनिवारची टीम ज्याच्या हातात आहे त्याला “मला झोप लागत नाही” असं सांगायला कुणीही बिचकेल. डेव्हलपमेंट कोचला सांगता येतं. माझ्या मते अर्धं काम हेच आहे, आणि ते कुठल्याच आकडेवारीत दिसत नाही.

उरलेलं अर्धं काम हाता-पायाचं. फुटीचा चेंडू लांबट असतो आणि मुख्य किक म्हणजे ड्रॉप पंट. चेंडू टोकावर उभा धरायचा, एका हाताने पायाकडे सोडायचा आणि पायाने खालच्या टोकावर मारायचा, म्हणजे तो उलटा फिरत सरळ जातो. बघणाऱ्याचं लक्ष पायाकडे असतं, कोचचं हाताकडे. चेंडू जरा उंचावरून सुटला की मध्ये वारा शिरतो. सोडताना मनगट किंचित वळलं की चेंडू तिरका पडतो आणि चाळीस मीटरवर तीच चूक मोठी होते. आता शाळेत वर्षानुवर्षं उंचावरून चेंडू सोडून गोल मारलेल्या मुलाला “हात आणखी खाली ने” हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. अंगवळणी पडायला अख्खा उन्हाळा जातो. त्यात आणि नावडत्या पायानेही किक जमली पाहिजे. म्हणून सगळ्यांचा सराव संपल्यावर मैदानाच्या एका कोपऱ्यात एक मुलगा, एक कोच आणि चेंडूंनी भरलेली पिशवी असं दृश्य असतं. पाहुण्यांना ते कंटाळवाणं वाटतं. मला नाही वाटत.

क्लबच्या यादीत चाळीसेक खेळाडू, सामन्याच्या दिवशी मैदानात अठरा आणि बाकावर मोजके. उरलेले त्याच आठवड्यात खालच्या पातळीवर खेळतात: व्हिक्टोरियात व्हीएफएल, दक्षिण ऑस्ट्रेलियात एसएएनएफएल, पश्चिमेला डब्ल्यूएएफएल. डेव्हलपमेंट कोच कामावर बघायचा तर तिथे जावं. आम्ही पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो, त्यामुळे फूट्सक्रेचं व्हिटन ओव्हल हे मैदान जवळ. व्हीएफएलच्या बऱ्याच मैदानांवर क्वार्टर संपली की प्रेक्षकांना आत जाऊ देतात, अगदी खेळाडूंच्या घोळक्यापर्यंत. कोच ओरडत असतो ते सगळे ऐकतात. पण तो घोळका फुटल्यावर काय होतं ते बघण्यासारखं असतं. एकदा एका उंच बचावपटूला कोचने बाजूला घेतलं. प्रतिस्पर्धी त्याच्या समोर सारखा मार्क घेत होता, म्हणजे किक केलेला चेंडू झेलत होता. मला वाटलं, आता याची खरडपट्टी. कोचने फक्त विचारलं, “चेंडू निघाला तेव्हा तू कुठे होतास?” मुलाने हाताने दाखवलं. “आणि कुठे असायला हवा होतास?” मुलगा दोन पावलं सरकला, खांदा आडवा केला. एवढंच. पुढच्या क्वार्टरमध्ये एकदा त्याची मूठ चेंडूला लागली, आणि एकदा तो पुन्हा मागेच राहिला. कोच दोन्ही वेळा काहीतरी लिहून घेत होता.

खालच्या पातळीवरून वर यायला किती वेळ लागतो? कधी वर्षं, कधी सहा दिवस. २०१९ मध्ये रिचमंडच्या व्हीएफएल टीमने अंतिम सामना जिंकला, त्यात मार्लियन पिकेट सामनावीर. पुढच्याच शनिवारी त्याला एएफएलच्या, म्हणजे सर्वात वरच्या लीगच्या, ग्रँड फायनलमध्ये उतरवलं, आणि तो त्याचा एएफएलमधला पहिलाच सामना! एमसीजीवर लाखभर लोक, रिचमंड ८९ गुणांनी जिंकलं, पिकेटने गोलही मारला. अर्थात सगळं श्रेय रिचमंडला देऊ नका. पिकेट सत्तावीस वर्षांचा होता, डब्ल्यूएएफएलमध्ये साउथ फ्रीमँटलकडून खेळून मुरलेला. त्याला वर आणण्याइतका विश्वास मात्र खालच्या टीममध्ये रोज त्याच्याबरोबर असलेल्या माणसांमुळेच वाटला असणार.

हा खेळ लहानपणी पाहिलेलाच नाही अशी माणसं आली की या कामाची खरी कसोटी लागते. डब्लिनचा जिम स्टाइन्स १९८४ मध्ये मेलबर्न क्लबकडे आला. १९८७ च्या प्रिलिमिनरी फायनलमध्ये, म्हणजे ग्रँड फायनलच्या आधीच्या सामन्यात, हॉथॉर्नचा खेळाडू शेवटची किक घ्यायला उभा असताना तो नियम मोडून मध्येच धावत गेला. पंधरा मीटरची पेनल्टी झाली, गोल झाला, मेलबर्न हरलं. चार वर्षांनी त्याच स्टाइन्सला ब्राउनलो पदक मिळालं, लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं. मेसन कॉक्स तर अमेरिकेतला कॉलेज बास्केटबॉलपटू, उंची २११ सेंटिमीटर. २०१६ मध्ये अँझॅक डेला (सैनिकांच्या स्मृतिदिनी) कॉलिंगवूडकडून पहिला सामना खेळला आणि २०२३ मध्ये विजेत्या टीममध्ये होता. उंची त्याने सोबत आणली होती. चेंडू पायावर कसा सोडायचा हे कुणीतरी त्याला विशी उलटल्यावर शिकवलं.

“पण याने सामने जिंकता येतात याला पुरावा काय?” असं आमचे एक इंजिनिअर पाहुणे विचारतात. सरळ पुरावा नाही, मान्य. मी आमच्या वेस्टर्न बुलडॉग्सकडे बोट दाखवते. २०१६ मध्ये सातव्या क्रमांकावरून येऊन त्यांनी किताब घेतला, १९५४ नंतर पहिल्यांदा. त्या टीममधले डेल मॉरिस, लियाम पिकन, जेसन जोहानिसन हे रूकी म्हणून आलेले, म्हणजे मुख्य ड्राफ्टमध्ये ज्यांच्यावर कुणी निवड खर्चली नव्हती असे. जोहानिसनला ग्रँड फायनलचं सर्वोत्तम खेळाडूचं पदक मिळालं. त्याच वर्षी क्लबची खालची टीम, फूट्सक्रे, हीही व्हीएफएलची विजेती होती. एवढे योगायोग एकाच घरात होत नाहीत.

आणि २०२३ ची ग्रँड फायनल घ्या. कॉलिंगवूडचा कोच क्रेग मॅकरे. रिचमंडची ती व्हीएफएल टीम घडवणारा हाच. ब्रिस्बेनचा क्रिस फेगन; टास्मानियातल्या क्वीन्सटाउनचा, जिथल्या मैदानावर गवताऐवजी खडी आहे. एएफएलचा एकही सामना न खेळलेला हा गृहस्थ हॉथॉर्नमध्ये बरीच वर्षं कोचिंग आणि डेव्हलपमेंटचं काम बघत होता. कॉलिंगवूड चार गुणांनी जिंकलं. फेगनच्या ब्रिस्बेनने मग २०२४ आणि २०२५ हे दोन्ही किताब नेले. २०१७ मध्ये, त्याच्या पहिल्या वर्षी, हीच टीम तळाला होती, आणि तरीही क्लबने त्याला ठेवलं.

असं असूनही हात आखडता घ्यायची वेळ आली की कुऱ्हाड पहिली इथेच पडते. फुटबॉल विभागाच्या खर्चावर २०१५ पासून एक मर्यादा आहे, ओलांडली तर क्लबला दंडात्मक कर भरावा लागतो. कोविडमध्ये ही मर्यादा सुमारे ९७ लाख डॉलरवरून ६२ लाखांवर आणली. कित्येक डेव्हलपमेंट कोच घरी गेले, आणि जे उरले त्यांच्याकडे दोन-दोन कामं आली. यादीतली मुलं त्या मानाने थोडीच कमी झाली. पुढे मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढली खरी. पण त्या मधल्या वर्षांत अठराव्या वर्षी घर सोडून आलेल्या मुलांना सराव संपल्यावर किती वेळ मिळाला असेल, हे मला एखाद्या क्लबच्या हिशेबनिसाला विचारायचंय.